पाळी नंबर चार

खिल्लारे सर कॉम्प्युटरचा डबा उघडण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावत. पंजा गजावर ठेवून दोन-तीन श्वास जातील इतका वेळ उभे राहत आणि मगच स्क्रू काढायला घेत. संस्थेत मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, खिडकीबाहेर एखादं देऊळ असेल. डोकावून पाहिलं तर बाहेर सायकलचं दुकान आणि त्यामागे पाण्याची टाकी. मुलांचाही समज माझ्यासारखाच झाला होता. एकदा एका मुलानं डबा उघडायच्या आधी गजाला हात लावला आणि तोच हात कपाळाला नेला. सर शिकवता शिकवता थांबले.

"काय केलं रे?"

"पाया पडलो सर."

"कुणाच्या?"

तो गजाकडे बघायला लागला.

"बाबा, मी गजाला हात लावतो, कपाळाला न्हाई. आपण चालतो, खुर्चीला घासतो, त्यानं अंगात उलिशी वीज साठती. आपल्याला कळतबी न्हाई, पण पाटीवरची चिप तेवढ्यानं मरती. म्हणून आधी ती गजात सोडायची. तुला पाया पडायचं तर पड, पण वीज सोडून पड."

पाटी म्हणजे मदरबोर्ड. सर त्याला मदरबोर्ड क्वचितच म्हणत.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. नवी कार्यालयं येत होती आणि त्यांच्या पाठोपाठ कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. अशाच एका क्लासमध्ये मी टायपिंग आणि कार्यालयात लागतात ते प्रोग्राम शिकवायची. मी मूळची जालन्याची, लग्न करून इथं आलेली. नागोराव खिल्लारे हार्डवेअर शिकवायचे. त्यांच्या आणि माझ्या वर्गात एक प्लायवूडची भिंत होती, म्हणजे खरं तर नव्हतीच. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. माझ्या मुली टायपिंगची बोटं थांबवून त्यांचं ऐकत बसायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही ऐकायची.

माणूस बुटका, सावळा, कायम पांढऱ्या हाफ शर्टात. खिशाला पेन नसे. एक टेस्टर, एक जुना टूथब्रश आणि एक खोडरबर. नवीन मुलं त्यांना चित्रकलेचे सर समजत. टूथब्रश पाटीवरच्या खाचांमधली धूळ काढायला आणि खोडरबर मेमरीच्या पट्टीचे पिवळे दात घासायला. निम्मी बंद मशीन त्या खोडरबरानंच सुरू होत. "खराब झालं" हे शब्द त्यांनी मशीनच्या बाबतीत कधी वापरले नाहीत. "कुठंतरी अडलं" म्हणायचे. मग एकेक वायर, एकेक कार्ड काढून ठेवायचे, पाटीवर फक्त प्रोसेसर आणि मेमरी राहू द्यायचे, मशीन सुरू करायचे आणि मग एकेक वस्तू परत लावत जायचे. जिथं थांबेल तिथं दुखणं. "सगळी दारं बंद करायची. मग एकेक उघडायचं. एकदम सगळी उघडली तर पाणी कुठं मुरलं ते कळत न्हाई."

हे पाणी त्यांच्या बोलण्यात सारखं यायचं, कारण ते पाण्यातूनच आले होते. वडील सिद्धेश्वरच्या धरणाच्या कालव्यावर चौकीदार. कालव्याकाठच्या चौकीतच सगळी भावंडं वाढली. चार बहिणी आणि हे एकटे. दहावीनंतर सरही कालव्यावर रोजंदारीला लागले. नऊ वर्षं त्यांनी शेतकऱ्यांना पाणी वाटलं. कोणत्या चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला कधी, कोणत्या शेताला किती वेळ. मग रोजंदारीवाले कमी केले. पोस्टानं एक रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला होता, त्यावर रेडिओ, मग टीव्ही. पहिला मदरबोर्ड त्यांनी भंगारवाल्याकडून आणला. तो चालू होण्यातला नव्हताच. सरांनी त्याच्यावरची एकेक रेघ सुईच्या टोकानं आणि मीटरनं तपासली. ही रेघ कुठून निघते, कुठं जाते. असं करत सगळ्या पाटीचा नकाशा काढला, कालव्याचे नकाशे काढतात तसा. मुख्य कालवा निळ्या शाईनं, चाऱ्या हिरव्या, प्रत्येक तोंडाला नंबर. हा नकाशा त्यांच्या वर्गात भिंतीवर असायचा. पाहुणे आले की संचालक तो अभिमानानं दाखवायचे. पुढं काय झालं ते लक्षात घेता हे सांगून ठेवलेलं बरं.

कालव्यावर नऊ वर्षं त्यांना लोक "ए रोजंदारी" म्हणून हाक मारत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा पिताना, रागानं नव्हे. "इथं पयल्या दिवशी एका लेकरानं सर म्हटलं तवा मी मागं वळून पाहिलं, कोण सर आले म्हणून." शिकवायला उभं राहणं ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ती त्यांना उशिरा मिळाली होती. वर्ग नऊला असला तर ते साडेआठला येऊन फळा पुसत. तो आदल्या दिवशी त्यांनीच पुसलेला असे.

त्यांचा मदरबोर्डाचा पहिला धडा मला अजून पाठ आहे. सर फळ्यावर प्रोसेसर काढत आणि म्हणत, हे धरण. इथून कालवा निघाला. पयला मोठा पूल, त्याच्या पल्याड मेमरी आणि पडद्याचं कार्ड. इथं जीप धावती, साहेबाची. मंग खालचा पूल. त्याच्या पल्याड हार्डडिस्क, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर. इथं बैलगाडी. म्हणून कीबोर्ड वरच्या पुलाला जोडत न्हाईत आन मेमरी खालच्या पुलाला जोडत न्हाईत. जिपीला बैलगाडीमागं घातली तर साहेब चिडल का न्हाई?

मुलं हसत आणि त्यांना ते कळे. कळणं मी स्वतः पाहिलं आहे. माझ्याकडे येऊन तीच मुलं मला सांगत, मॅडम, तुमचा प्रिंटर खालच्या पुलावर आहे.

एकदा त्यांच्या धरणाला चीर पडली. हट्ट्याकडच्या एका खेड्यातली उज्ज्वला नावाची मुलगी त्यांच्या वर्गात होती. तिचं घरचं शेत कालव्याच्या शेवटाला. तिनं हात वर केला.

"सर, पाणी धरणातून शेतात येतं. पण कीबोर्डचं तर शेतातून धरणात जाऊन राहिलं. पाणी उलटं कसं वाहतं?"

मी माझ्या मुलींना टायपिंग थांबवू नका म्हणाले आणि स्वतः कान दिला.

"उलटं वाहत न्हाई," सर म्हणाले. "तू बराबर इचारलं. मला म्हाईत न्हाई."

दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. जेवणाचा डबा उलटा धरून उघडतील की काय असं वाटावं इतकं लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात आले आणि आधी फळ्यावरचं "कालवा" पुसलं.

"माझं चुकत होतं. पाणी धरू नका. कालव्याच्या कडंनं जो कच्चा रस्ता असतो ना, तो धरा. माझे वडील त्या रस्त्यानं सायकलवर जायचे आन यायचे. चिठ्ठी घेऊन जायचे, चिठ्ठी घेऊन यायचे. पाटीवर तसं जाणंयेणं हाय. पाणी ही माझी चूक. पण पाळी मातर खरी, ती तशीच ऱ्हाईल."

इतकी वर्षं शिकवण्यात काढली, पण मुलांसमोर फळ्यावरची स्वतःची चूक स्वतः पुसणारा दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही.

आता पाळी. कालव्यावर ज्या दिवशी ज्याला पाणी, ती त्याची पाळी. पाटीवर माऊस, मोडेम, प्रिंटर सगळेच प्रोसेसरला हाक मारत असतात. हाक कोणाची ते कळावं म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. पुस्तकात त्याला आयआरक्यू म्हणतात. सर पाळी म्हणत. दोघांना एकच नंबर गेला की भांडण.

त्याचं प्रात्यक्षिक बसस्टँडजवळच्या एका एसटीडी बूथवर झालं. मालकानं नवीन इंटरनेट घेतलं होतं. इंटरनेट लागलं की माऊस जागच्या जागी बसायचा, इंटरनेट तोडलं की पळायला लागायचा. नांदेडहून आलेल्या माणसानं तीन माऊस बदलले होते. मालकाला वाटायला लागलं होतं की इंटरनेटवाले मुद्दाम करतात. सर गेले. मलाही तिथून माहेरी फोन करायचा होता, म्हणून मी बरोबर होते. सरांनी गजाला हात लावला, डबा उघडला, फोनची तार लागते ते मोडेमचं कार्ड काढलं, त्यावरचा एक टोपीसारखा इवलासा काळा जम्पर नखानं उपटून शेजारच्या दोन काड्यांवर बसवला, कार्ड परत लावलं. इंटरनेट लागलं आणि माऊस पळतच राहिला.

"काय होतं हो?" मालक म्हणाला.

"काही न्हाई. माऊसची पाळी नंबर चार, आन मोडेमचीबी चारच. दोघंबी एकाच वारी गेटावर आले. मंग काठ्या निघणारच. मोडेमला तीन नंबर दिला."

मालक मान डोलावून म्हणाला, "असं होय. मंग बराबर हाय." त्याला पूर्ण कळलं होतं. मी मात्र फोनचा रिसीव्हर कानाला लावून अवघडून उभी होते, कारण मी शहरात वाढलेली, आमच्याकडे पाणी नळाला येतं, आणि पाळी म्हटलं की माझ्या मनात आधी एकच अर्थ यायचा. त्या अर्थानं तो शब्द आम्ही बायकासुद्धा हळू आवाजात म्हणतो.

परत येताना धीर करून मी त्यांना म्हणाले, "सर, वर्गात मुली असतात. तो शब्द बदला ना."

"कोणता?"

मी सांगितला. पदराआड तोंड लपवून सांगावा तसा.

सर रस्त्यात थांबले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मग म्हणाले, "मला चार बहिणी हायेत मॅडम. आमच्या घरात त्याला अडचण म्हणतेत. पाळी म्हणजे आमाला पाणी." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "अन् दुसरा शब्द हाय का? तुमी सांगा. मी तो वापरीन."

मी विचार केला. क्रम म्हणावं तर त्यात वाट पाहणं नाही. नंबर म्हणावं तर तो कसलाही असतो. मला शब्द सापडला नाही आणि विषय तिथंच राहिला. वर्गातल्या मुलींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावातल्या दोघी पहिल्या दिवशी खुसखुसल्या, बाकीच्या खेड्यातल्या, त्यांनी दोघींकडे यांना काय झालं म्हणून पाहिलं, आणि संपलं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. मोठ्या शहरातले, इस्त्रीचा शर्ट, बोलायला सभ्य. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता. तोंडी परीक्षा होती. शिकवणाऱ्यानं खोलीत थांबायचं नाही असा नियम, म्हणून सर बाहेर व्हरांड्यात, आणि गुण लिहून घ्यायला परीक्षकांशेजारी मी.

उज्ज्वला आत आली. तिनं वरचा पूल, खालचा पूल नीट सांगितलं, इंग्रजी नावांसकट. परीक्षक खूश दिसले. मग त्यांनी विचारलं, "आयआरक्यू म्हणजे काय? मराठीत सांगितलं तरी चालेल."

"सर, आयआरक्यू म्हणजे पाळी," उज्ज्वला खणखणीत आवाजात म्हणाली. "प्रत्येकाची पाळी वेगळी पाहिजे. दोघांची एकाच वेळेस आली की मशीन हँग होतं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"खिल्लारे सरांनी."

"वर्गात? मुलींना?"

उज्ज्वला गोंधळली. तिला आधी वाटलं उत्तर चुकलं. मग परीक्षकांचा चेहरा पाहून हळूहळू तिच्या ध्यानात आलं की त्यांनी काय ऐकलं. तिची मान खाली गेली. पण जाता जाता तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. सर, इथं पाळी म्हणजे पाण्याची. एवढंच. त्या खोलीत ते सांगू शकणारी मी एकटीच होते, आणि खिल्लारे सरांच्या मनात काय असतं हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण परक्या पुरुषासमोर तो शब्द माझ्या तोंडून निघेना. परीक्षक म्हणाले, या प्रश्नाला शून्य लिहा. मी लिहिलं. पुढचा मुलगा आला, त्यालाही तेच विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. ओळीनं सहा जणांना मी शून्य लिहिलं. अक्षर माझं नेहमी चांगलं येतं, त्या दिवशीही चांगलंच आलं.

परीक्षकांनी अहवालात लिहिलं की या केंद्रावर अश्लील शब्द वापरून शिकवलं जातं.

आमचे संचालक घाबरट होते, वाईट नव्हते. त्यांना पहिली धास्ती पालकांची. कोणी गोंधळ घालण्याआधी आपणच समजूत काढावी म्हणून त्यांनी उज्ज्वलाच्या वडिलांना बोलावून घेतलं. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. विषय मुलीचा म्हणून मलाही बसवून ठेवलं होतं. संचालकांनी घसा साफ केला.

"त्याचं असं आहे काका, आमच्या एका शिक्षकांनी वर्गात, म्हणजे मुलींच्या देखत, पाळी असा शब्द वापरला."

काका एकदम सरसावून बसले. "कवाची?"

"काय कवाची?"

"पाळी. कवा सुटून राहिली? आमच्या चारीला तर मागच्या खेपेचंच पाणी आलं न्हाई. तुमाला कुणी सांगितलं?"

"पाण्याची नाही हो काका."

"मंग कशाची?"

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. संचालक म्हणाले, "चहा घ्या."

जाताना काकांनी मागच्या खोलीत डोकावलं. सर तिथं एक मशीन खोलून बसले होते. "नागोराव ना तुमी? कालव्यावर होता?" काका म्हणाले. "अहो, ह्यांनी आमाला टेलला पाणी दिलं हाय. वरच्या गेटावर दिवसभर बसून ऱ्हायचे, कुणाला हात लावू देत न्हवते. शेवटच्या शेतापासून पाणी देत वर जायचं, असा नेम हाय, पण तो पाळत कोण? ह्यांनी पाळला." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. वरचे लोक गेट उघडून घेतात आणि टेलला कोरडं राहतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हे सगळं संचालकांनी ऐकलं, पण अहवाल वर गेला होता आणि संस्थेच्या मान्यतेचा प्रश्न होता. त्यांनी सरांकडे माफीचं पत्र मागितलं. एवढं लिहून द्या, म्हणाले, मग वर्ग तुमचाच. सरांनी रेघांच्या कागदावर लिहून आणलं. कचेरीची कामं माझ्याकडे असल्यामुळे ते पत्र फायलीला मीच लावलं, म्हणून शब्द लक्षात आहेत. 'महोदय, मी पाळी हा शब्द पाण्याचा म्हणून वापरला. माझ्या माहितीत दुसरा बराबर शब्द नाही. असल्यास कळवावा, उद्यापासून तो वापरीन. कोणास तकलीफ झाली असल्यास वाईट वाटते. मुलांनी उत्तर बरोबर दिले होते, तरी त्यांना गुण मिळावेत ही विनंती.'

संचालकांनी दोनदा वाचलं. "खिल्लारे, ही माफी आहे का?"

"न्हाई साहेब. अर्ज हाय."

वर्ग गेला. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढे शिक्षक ऐवजी टेक्निशियन आलं. मागच्या खोलीत दुरुस्ती करायची, मुलांना शिकवायचं नाही. नवीन शिक्षक तरुण होता, चांगला होता, इंग्रजी व्याख्या सांगून लिहून घ्यायचा. मुलांनी लिहून घेतल्या. प्लायवूडच्या भिंतीतून आता मला ऐकण्यासारखं काही येत नव्हतं. सर साडेआठलाच यायचे. फळ्याकडे बघायचे नाहीत, सरळ मागच्या खोलीत जायचे. एखादं मूल दारात येऊन "सर" म्हणालं की ते हातातल्या कामाकडे बघून म्हणायचे, "जा बाबा, तिकडं इचार."

मी रोज ठरवायची, आज सांगायचं की मी तिथं होते आणि गप्प बसले. रोज तोंडातून निघायचं, "सर, चहा घेता का?" आणि ते चहा घ्यायचे.

असे चार-पाच महिने गेले. एके दिवशी त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळला, माझ्या टेबलाशी आले आणि खिशातलं खोडरबर माझ्यापुढे ठेवलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मेमरी घासायला लागंल. दुरुस्ती तर मी घरीबी करीन." एवढंच बोलून गेले. मी उठून उभीसुद्धा राहिले नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढं ती संस्था बंद झाली. मी एका शाळेत कॉम्प्युटरची बाई म्हणून लागले. सहा-सात वर्षं गेली असतील. शाळेतल्या एका नव्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला की दिसायचा, गायब व्हायचा, परत दिसायचा. दुरुस्तीला वसमतहून एक बाई आली, पाठीवर सॅक, हातात टेस्टर. आल्या आल्या तिनं खिडकीच्या गजाला हात लावला. मी ओळखलं. उज्ज्वला.

"मॅडम, पुढच्या तोंडाला लावू नका," ती म्हणाली. "ती टेल हाय. पाटीपासून तिथपर्यंत लांब वायर जाती, वीज पोचता पोचता कमी पडती. मागं लावा, ते थेट पाटीवरच हाय." मागे लावला. चालला.

तिच्या त्या शून्याचं पुढं काय झालं विचारलं. ती म्हणाली, दोन गुण कमी पडले, दुसरं काय. तिचं आता वसमतला स्वतःचं दुकान होतं. सर? सर दर रविवारी तिच्या गावच्या समाजमंदिरात शिकवतात. भंगारात निघालेले बोर्ड ती पाठवते. "चला की रविवारी," ती म्हणाली.

गेले. समाजमंदिरात सतरंजीवर पंधरा-वीस मुलं-मुली बसली होती. पुढे एका फळीवर एक जुना मदरबोर्ड स्क्रूंनी बसवलेला, शेजारी माऊस, कीबोर्ड, एक मोडेमचं कार्ड. भिंतीवर तोच नकाशा, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला. सरांचे केस पांढरे झाले होते आणि चष्म्याला दोरी आली होती. मला पाहून त्यांनी "या मॅडम, जयभीम" म्हटलं आणि पुढचं वाक्य शिकवायला घेतलं. नव्या पाट्यांवर वरचा पूल निघून चालला आहे, प्रोसेसरनंच तो गिळला, असं मुलांना सांगत होते. एका मुलानं विचारलं, मग जीप कुठून जाती? सर म्हणाले, जीप आता धरणातच ठेवतेत.

मधल्या सुट्टीत मुलं बाहेर गेली. सर टूथब्रशनं खाचांमधली धूळ काढत बसले. मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले आणि सांगून टाकलं. "सर, त्या परीक्षेत मी तिथंच बसले होते. मला ठाऊक होतं. मी काही बोलले नाही. शून्य मीच लिहिले."

त्यांचा ब्रश थांबला नाही. "म्हाईत हाय. उज्ज्वलानं तवाच सांगितलं."

"मग तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत."

"काय म्हणू? तुमी मला आधीच सांगितलं होतं, शब्द बदला म्हणून. मीच न्हाई ऐकलं." फुंकर मारून त्यांनी धूळ उडवली. "परक्या माणसापुढं बाईला कसं बोलता येईल? ते मला कळायला पाहिजे होतं."

मला रडू आलं. मी पदरानं डोळे पुसले आणि ते मदरबोर्डाकडे पाहत राहिले, मला पुसू देण्यासाठी.

मुलं परत येऊन बसली. सरांनी फळ्यावर इंग्रजीत आयआरक्यू लिहिलं आणि खडू माझ्यापुढे धरला.

"हे मॅडम सांगतील. माझा घसा बसून राहिला."

घसा बसला नव्हता. मी उठले. मागे दोन-चार मोठी माणसंही दारात टेकून ऐकत होती, उज्ज्वलाचे वडील त्यांच्यात होते. मी खडू घेतला, त्या तीन अक्षरांखाली मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "पाळी."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढे बसलेल्या एका मुलीनं वर पाहिलं.

"मॅडम, माऊसची किती नंबरची?"

"चार," मी म्हणाले.

सर खिडकीशी गेले होते. गजाला हात लावून उभे होते, कारण पुढचं कार्ड हातात घ्यायचं होतं.